महागड्या फोनची स्वस्त सबब

दीड लाखाचा फोन घेणाऱ्याला त्या फोनमागच्या कामगारांबद्दल कुणी विचारलं, की उत्तर तयार असतं. गेली काही वर्षं हे उत्तर मी इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्याचा सविस्तर समाचार घेणं आता भाग आहे. उत्तर असं: वस्तू उत्तम आहे, टिकते, पैसे वसूल होतात. ती बनवणारे कामगार आपल्या मर्जीने कारखान्यात येतात. गावी राहिले असते तर याहून वाईट दिवस काढावे लागले असते. त्यांचा पगार वाढवला, तास कमी केले, तर फोन महाग होईल, नाहीतर कारखाना उठून दुसऱ्या देशात जाईल आणि त्याच कामगाराची चूल विझेल. कंपनी मोठी आहे, तिची आचारसंहिता आहे, तपासण्या होतात. आणि तुमच्याही खिशात फोन आहेच की.

हे सगळं व्यवहारी शहाणपण म्हणून सांगितलं जातं आणि ऐकणारा गप्प बसतो. त्याने गप्प बसायचं काहीच कारण नाही. यातलं एकेक विधान तपासलं तर ते आकड्यांसमोर टिकत नाही, इतिहासासमोर तर अजिबात नाही.

सुरुवात पैशापासून करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. केनेथ क्रेमर, ग्रेग लिंडन आणि जेसन डेड्रिक या तीन अभ्यासकांनी 2010 सालच्या आयफोन 4 ची किंमत उकलून 2011 मध्ये मांडली. विक्रीच्या शंभर डॉलरांतले साडेअठ्ठावन्न डॉलर ॲपलचा नफा. सुटे भाग आणि कच्चा माल सुमारे बावीस. चीनमधल्या कामगारांच्या वाट्याला आले 1.8. म्हणजे साडेपाचशे डॉलरच्या आसपास घाऊक किंमत असलेल्या फोनमागे, तो जोडणाऱ्या हातांना सगळे मिळून दहा डॉलर. ही मजुरी रातोरात दुप्पट केली आणि एक पैसाही गिऱ्हाइकाकडून घेतला नाही, तरी कंपनीच्या नफ्याला तीन टक्क्यांची कात्री लागली असती. मग पगार वाढवला की फोन परवडणार नाही, हे कोणत्या हिशेबाने?

बरं, हा प्रयोग कागदावरच राहिला असंही नाही. 2010 मध्ये चीनमधल्या शेन्झेनला, आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनमध्ये आत्महत्यांचं सत्र सुरू झालं आणि जगभर बोंब झाली, तेव्हा कंपनीने जूनमध्ये मूळ पगार 900 युआनवरून 1200 वर नेला आणि पुढे ऑक्टोबरपासून 2000 युआनची घोषणा केली. काही महिन्यांत दुपटीहून जास्त. त्यानंतर ऑक्टोबर 2011 मध्ये आयफोन 4एस आला. अमेरिकेत करारासह त्याची किंमत 199 डॉलर होती, आदल्या मॉडेलची होती तेवढीच. मजुरी वाढली तरी गिऱ्हाइकाला एक डॉलरही जादा मोजावा लागला नाही.

म्हणूनच महागड्या वस्तूच्या बाबतीत ही सबब मला सर्वांत जास्त खटकते. पाच हजारांचा फोन बनवणाऱ्या कंपनीने तिचा नफा दातांनी उकरावा लागतो असं म्हटलं, तर तिचं म्हणणं निदान ऐकून घेता येईल. जिची सगळी ऐट महाग असण्यात आहे, त्या कंपनीला नाइलाजाचा आधार घ्यायचा हक्क कुठून मिळतो? मे 2024 मध्ये ॲपलने स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यासाठी 11 हजार कोटी डॉलरची मंजुरी जाहीर केली. कंपनी विक्रीचे नग शेवटचे जाहीर करत होती त्या 2018 च्या वर्षात सुमारे पावणेबावीस कोटी आयफोन विकले गेले होते. तेवढ्या प्रत्येक फोनमागे कामगारांना दहा डॉलर जादा दिले असते, तर त्या समभागांच्या रकमेचा जेमतेम पन्नासावा भाग खर्च झाला असता. पैसा आहे. तो कुणाकडे वळवायचा हे ठरवून ठरवलेलं आहे.

आता त्या आत्महत्यांकडे येऊ, कारण त्यांच्यावर टाकलेलं पांघरूण फार जणांनी खरं मानलं. 2010 या एका वर्षात फॉक्सकॉनच्या 18 तरुण कामगारांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि 14 जण गेले. इमारतींना जाळ्या बसवल्या गेल्या. त्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी एका जाहीर मुलाखतीत सांगितलं, की तिथे उपाहारगृहं आहेत, सिनेमागृहं आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, आणि एवढ्या मोठ्या संख्येच्या मानाने आत्महत्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमीच भरतं. हे वाक्य पुढे हजारो लोकांनी जसंच्या तसं उचललं. पण देशाच्या सरासरीत म्हातारे येतात, आजारी येतात, कर्जबाजारी आणि एकाकी माणसं येतात. कारखान्याच्या दारात निवडून घेतलेली विशी-बाविशीची धडधाकट, नोकरी असलेली मुलं त्यांच्याशी ताडून बघायची? आणि ती मुलं कुठे गेली, तर बहुतेक जण मालकाच्या इमारतीवरून, मालकाच्या आवारात. ज्या सरासरीत हे बसवता येतं ती सरासरी काढणाऱ्याला प्रश्नच कळलेला नाही. प्रमाण जर खरंच सामान्य होतं, तर त्याच महिन्यात पगार का वाढवला?

आणि ‘मर्जीने येतात’ म्हणायचं तर ते येतात, यात शंका नाही. हेनान, सिचुआनच्या खेड्यांतून येतात, तामिळनाडूच्या कोरडवाहू तालुक्यांतून येतात. कोकण आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेली माणसंही मर्जीनेच आली होती. गावची जमीन पोटाला पुरत नव्हती म्हणून आली. तेव्हाही मालकांचं म्हणणं असंच होतं, की यांना इथे मिळतंय ते गावापेक्षा बरं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या अशा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. गावापेक्षा बरं आहे ना, मग गप्प बसा, असं आज लोखंड्यांना कुणी म्हणेल का? 10 जून 1890 ला मिळालेली रविवारची सुट्टी आज आपण जन्मसिद्ध हक्कासारखी उपभोगतो आणि शेन्झेनच्या मुलीने तीच मागितली की तिला गावाची आठवण करून देतो.

त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिची आवृत्ती हल्ली रोज कानावर येते. कामगारांच्या स्थितीबद्दल बोलणारे हे परदेशी कटाचा भाग आहेत, भारतातली कारखानदारी वाढू नये असं त्यांना वाटतं, असं म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या कायद्याला विरोध करताना आपल्या राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी नेमकं हेच म्हटलं होतं, आणि त्यात तथ्यही होतं. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको होती म्हणून त्यांना तो कायदा हवा होता. पण म्हणून गिरणीत चौदा तास उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय दुखायचे थांबले का? हेतू कुणाचा काय होता याने तिचा दिवस एका तासानेही कमी झाला नसता. लोखंडे या दोघांच्याही मागे गेले नाहीत आणि कामगारांच्या बाजूने बोलत राहिले.

महागडी वस्तू म्हणजे जास्त काळजीने बनवलेली, म्हणजे कामगारांचीही जास्त काळजी, हा समज तर उलटाच आहे. महागड्या फोनची चकाकीच कित्येकदा घातक ठरली आहे. चीनमधल्या सूझौ शहरात ॲपलचा पुरवठादार असलेल्या विंटेकच्या कारखान्यात फोनच्या काचा पुसण्यासाठी अल्कोहोल वापरत. त्याऐवजी एन-हेक्सेन आणलं गेलं, कारण ते लवकर वाळतं आणि तासाला जास्त काचा पुसून होतात. एन-हेक्सेन मज्जातंतूंना इजा करतं हे औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात जुनं ज्ञान आहे. हातापायांना बधिरपणा येऊ लागला, काहींना चालवेना. 137 कामगार बाधित झाल्याचं ॲपलने 2011 मधल्या स्वतःच्या अहवालात मान्य केलं. त्याच वर्षी मे महिन्यात चेंगडूच्या फॉक्सकॉनमध्ये स्फोट झाला. आयपॅडच्या पाठी घासून गुळगुळीत करताना उडणारी ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत साठली होती, हवा खेळती नव्हती, ठिणगी पडली. चार कामगार मेले, अठरा जखमी झाले. हाँगकाँगच्या एका कामगार संघटनेने या धुळीबद्दल स्फोटाच्या दोनेक आठवडे आधी इशारा दिला होता. डिसेंबरमध्ये शांघायला, दुसऱ्या पुरवठादाराकडे, तसाच ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. दुकानात आपण ज्या गुळगुळीत पाठीवरून बोट फिरवतो आणि ‘काय फिनिश आहे’ म्हणतो, त्या फिनिशची ही धूळ. हवा बाहेर खेचणारे पंखे आणि धूळ झाडायची पाळी एवढ्यावर हे टळण्यासारखं होतं. त्याला लागणारा खर्च त्या वस्तूच्या किमतीत दिसलाही नसता.

मग आचारसंहिता आणि तपासण्या? चीनचा कायदा आठवड्याला 40 तास आणि महिन्याला जास्तीत जास्त 36 तास ओव्हरटाइम एवढीच मुभा देतो, म्हणजे आठवड्याला सुमारे 49 तास. ॲपलच्या आचारसंहितेतली मर्यादा आहे 60 तास. ज्या संहितेचं कौतुक आपल्याला ऐकवलं जातं, तीच मुळात त्या देशाच्या कायद्यापेक्षा सैल आहे. 2012 मध्ये फेअर लेबर असोसिएशनने फॉक्सकॉनच्या तीन कारखान्यांत 35 हजार कामगारांना विचारून पाहणी केली. गर्दीच्या काळात 60 तासांची सैल मर्यादाही ओलांडली जात होती, आणि पगारात मूळ गरजा भागत नाहीत असं जवळजवळ चौसष्ट टक्के कामगारांनी सांगितलं. या पाहणीनंतर पाच वर्षांनी, 2017 मध्ये, झेंगझौच्या फॉक्सकॉन कारखान्यात शाळकरी प्रशिक्षणार्थी दिवसाला 11 तास आयफोन जोडताना आढळले. 2020 मध्ये पेगाट्रॉन या दुसऱ्या पुरवठादाराकडे विद्यार्थी-कामगारांबाबत पुन्हा नियमभंग निघाला आणि ॲपलला त्याला नवं काम देणं थांबवावं लागलं. तपासणी होते, अहवाल निघतो, दिलगिरी येते, नवं मॉडेल येतं. तपासनीस वर्षातून एकदा येतो आणि सुपरवायझर रोज डोक्यावर असतो. कामगाराच्या बाजूने रोज उभी राहू शकेल अशी एकच गोष्ट आहे, त्याची स्वतःची संघटना, आणि या संहितांमध्ये तिचा उल्लेख असला तरी कारखान्यात तिला जागा नसते.

इतके दिवस हे सगळं ‘तिकडे चीनमध्ये’ होतं आणि आपल्याला हळहळून बाजूला होता येत होतं. आता ती सोयही राहिलेली नाही. आयफोन तामिळनाडू आणि कर्नाटकात बनतो, आपण त्याचा अभिमान बाळगतो, बाळगावाही. पण त्याच अभिमानाच्या बातम्यांशेजारी दुसऱ्या बातम्या आल्या, त्या किती जणांनी वाचल्या?

12 डिसेंबर 2020 ला कोलार जिल्ह्यातल्या नरसापुराच्या विस्ट्रॉन कारखान्यात कामगारांनी तोडफोड केली. टीव्हीवर फुटलेल्या काचा दिसल्या, नुकसानीचे आकडे 437 कोटींपर्यंत गेले, मग कंपनीनेच ते कितीतरी खाली आणले. तोडफोड का झाली याचं उत्तर सरकारी पाहणीत निघालं. काही महिन्यांत कामगारसंख्या पाच हजारांवरून साडेदहा हजारांवर नेली होती, बहुतेक जण ठेकेदारांमार्फत. हजेरीची यंत्रणा बिघडलेली होती, बारा तासांच्या पाळ्या होत्या, ओव्हरटाइमचा हिशेब लागत नव्हता आणि पगार कापून किंवा उशिरा हातात पडत होता. लोखंड्यांच्या निवेदनातली पंधरा तारखेची मागणी 136 वर्षांनी कोलारमध्ये, जगातल्या सर्वांत महागड्या फोनपैकी एका फोनच्या कारखान्यात, पुन्हा करावी लागली. विस्ट्रॉनने माफी मागितली, ॲपलने पुरवठादाराला काही काळ निगराणीत ठेवलं.

पुढच्याच डिसेंबरात तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार मुलींच्या वसतिगृहात विषबाधा झाली. अडीचशेहून अधिक जणींवर उपचार करावे लागले, 159 जणींना रुग्णालयात ठेवलं. मुली चेन्नई-बंगळुरू महामार्गावर बसल्या तेव्हा बाहेर आलं, की एकेका खोलीत तीसपर्यंत मुली जमिनीवर झोपत होत्या, काही ठिकाणी संडासाला पाणी नव्हतं, आणि स्वयंपाकघरात तपासनिसांना उंदीर सापडले. कारखान्याच्या आत धुळीचा कण चालत नाही, डोक्याला टोपी आणि पायाला आवरण घालून जावं लागतं. त्याच मुलींचं जेवण जिथे शिजत होतं तिथे उंदीर चालत होते. 2024 च्या जूनमध्ये रॉयटर्सने आणखी एक बातमी दिली: त्याच कारखान्यात आयफोन जोडणीच्या कामावर विवाहित बायकांना घेत नव्हते. 2022 मध्ये भरतीत त्रुटी राहिल्याचं फॉक्सकॉनने मान्य केलं. पुढे केंद्राला राज्याकडून अहवाल मागवावा लागला. मंगळसूत्र घातलं म्हणून स्क्रू बसवता येत नाही, हे कुठल्या आचारसंहितेत बसतं?

2024 च्याच सप्टेंबरात शेजारच्या सुंगुवारचत्रमला सॅमसंगच्या कारखान्यातले हजारावर कामगार 37 दिवस संपावर होते. तिथे टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्रं बनतात, म्हणजे फोन नाहीत, पण घरोघरच्या किमती वस्तूच. त्यांची मुख्य मागणी पगाराइतकीच संघटनेच्या मान्यतेची होती, आणि तिची नोंदणी व्हायला पुढचा जानेवारी उजाडला. स्वतंत्र भारतात, 1926 पासून कामगार संघटनांचा कायदा असताना, संघटना नोंदवण्यासाठी पाच आठवडे मंडप टाकून बसावं लागलं, आणि आपण चर्चा करतो ती नव्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे याची. 7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी यांनी मिळून मुंबईत संप केला होता तो संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध. नऊ दशकं होत आली तरी भांडण त्याच जागी आहे.

कारखाना उठून जाईल, ही भीती उरते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, कारखाने उठून जातातच. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना 2014 मध्ये बंद पडला. पण तो कुठल्या कामगाराने जास्त पगार मागितला म्हणून गेला नाही. करांचा वाद होता, आणि नोकियाचा फोन बाजारात हरला होता. ॲपलने चीनमधलं उत्पादन आणखी भारतात का वळवलं? 2022 च्या ऑक्टोबरअखेर झेंगझौला कोविडच्या कडेकोट बंदीत अडकलेले कामगार कुंपण ओलांडून पायी गावी निघाले, मग नोव्हेंबरात बोनसवरून दंगल झाली, आणि शेवटी कारखाना सोडून जा म्हणत फॉक्सकॉनने दहा-दहा हजार युआन दिले. एका शहरावर सगळं अवलंबून ठेवणं किती महागात पडतं हे तेव्हा कळलं. चीन-अमेरिकेतलं भांडण होतंच. उद्या कारखाना जायचा असला तर तो आयात शुल्क, वीज, बंदर आणि राजकारण पाहून जाईल. दहा डॉलरांसाठी तो जातो, ही धमकी कामगाराला घाबरवण्यापुरती चालते.

‘तुमच्याही खिशात फोन आहे’ याचं उत्तर सोपं आहे. आहे. गिरणीतलं धोतर नेसूनच लोकांनी गिरणी कामगारांच्या सभेत भाषणं केली, आणि ती खोटी ठरली नाहीत. वस्तू वापरणाऱ्याने तिच्याबद्दल बोलू नये असं ठरलं, तर बोलायला कुणीच उरणार नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं. शिवाय बोलून काही होत नाही हेही खरं नाही. 2012 च्या जानेवारीत ॲपलने पुरवठादारांची यादी पहिल्यांदा छापली, ती ओरड झाल्यावर. 2014 मध्ये अंतिम जोडणीतून बेन्झीन आणि एन-हेक्सेन हद्दपार झालं, तेही कामगार संघटना आणि ग्राहकांनी काही महिने रेटा लावल्यावर. नेदरलँड्सची फेअरफोन ही कंपनी जोडणी करणाऱ्या कामगारांना फोनमागे निर्वाह-वेतनाचा बोनस देते आणि तरी बाजारात टिकून आहे. तिच्याकडे ॲपलच्या तिजोरीचा कोपराही नाही.

आणि आता हे आपल्या अंगणातही आलं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर आणि तीन महिन्यांतली ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 वर नेण्याचा निर्णय घेतला. कामगाराची लेखी संमती लागेल, असं सोबत सांगितलं. ठेकेदाराच्या हाताखालचा मुलगा संमतीच्या कागदावर सही करायला नाही म्हणेल, असं ज्याला वाटतं त्याने एकदा रांजणगाव किंवा चाकणच्या फाटकापाशी पाळी सुटताना उभं राहावं. आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती 1946 ची, आंबेडकर मजूर खातं सांभाळत असतानाच्या काळातली. ती दोरी सैल करायला गुंतवणुकीचं कारण दिलं जातं.

म्हणून मागणी नेमकी करू. यादी छापली तशी या कंपन्यांनी प्रत्येक कारखान्यातला पगार, प्रत्यक्ष तास आणि ठेकेदाराकडच्या कामगारांचं प्रमाण दरवर्षी छापावं. पुरवठादाराशी करार करताना त्या देशाच्या कायद्यातली तासांची मर्यादा घालावी, स्वतःची सैल मर्यादा नव्हे. कामगारांनी निवडलेल्या संघटनेशी बोलणं हा कराराचा भाग करावा आणि ही अट मोडणाऱ्या पुरवठादाराचं काम काढून घ्यावं. राज्य सरकारने बारा तासांचा निर्णय मागे घ्यावा. तामिळनाडूने असंच विधेयक 2023 मध्ये मंजूर करून मे दिनाला मागे घेतलं, म्हणजे घेता येतं. हे सगळं करूनही या कंपन्यांकडे भरपूर नफा उरेल आणि फोनची किंमत आहे तिथेच राहील. 2011 मध्ये ती राहिली होती, आणि त्यांच्या हिशेबनिसांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.